घरचं वायफाय फार स्लो चालतं, कनेक्शन बदलावं का?

लगेच नको. आधी लॅपटॉपला राऊटरमधून थेट लॅन केबल लावून स्पीड तपासा. केबलवर पूर्ण स्पीड आणि बेडरूममध्ये रडारड, तर दोष कंपनीचा नाही, वायफायचा. राऊटर बहुतेकांकडे टीव्हीमागे कोंबलेला असतो (दिसायला वाईट दिसतो म्हणून!), तो उघड्यावर, उंच ठेवा. राऊटरच्या दोन वायफाय बँडपैकी जवळच्या उपकरणांना वेगवान ५ गिगाहर्ट्झ द्या, भिंतीपलीकडे २.४ गिगाहर्ट्झच बरं पोचतं.

केबलवरही रात्री नऊनंतरच मरगळ येत असेल, तर त्या लाइनवर गर्दी आहे. मग नवा राऊटर आणून उपयोग नाही. सोसायटीत दुसऱ्या कंपनीची फायबर असेल तर शेजाऱ्यांकडे रात्रीचाच स्पीड बघून घ्या. नसेलच, तर जिओ किंवा एअरटेलचं ५जी एअरफायबर (तारेऐवजी मोबाइल टॉवरवरून येणारं घरचं इंटरनेट) चालेल, पण सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरू नका.