"तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हणवत नाही तेव्हा

"ताई, सगळं देवाच्या हाती आहे हे मी मनापासून मानते. मग जीव शांत का होत नाही? माझा विश्वासच कच्चा आहे का?"

जालन्यातून आणि आसपासच्या गावांतून माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांचा हा नेहमीचा प्रश्न. कुणाचं माणूस गेलेलं असतं, कुणाला कॅन्सर निघालेला असतो, कुणी कर्जात बुडालेला असतो. दुःख तर आहेच. पण आपल्याला दुःख होतंय म्हणजे आपण देवाला कमी पडलो, असंही त्यांना वाटत असतं. मला जास्त काळजी वाटते ती याची. एका मावशींची हकीकत सांगते. त्यांनी परवानगी दिली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदललेत.

मावशींचा धाकटा मुलगा रोलिंग मिलमध्ये रात्रपाळीला होता. पाळी संपवून पहाटे मोटारसायकलवर घरी येताना ट्रकची धडक बसली, जागीच गेला. त्याच पहाटे मावशी गुडघ्यावर होत्या. रोजच असायच्या. त्यांची प्रार्थनेची एक वही होती, शाळेची दोनशेपानी. डावीकडे विनंती, उजवीकडे उत्तर मिळाल्याची तारीख आणि बरोबरची खूण. मुलाच्या नावापुढे "सुखरूप घरी आण" असं पानोपानी लिहिलेलं. सगळ्या ओळींपुढे खुणा होत्या, शेवटच्या ओळीपुढे नव्हती. ती वही त्यांनी माझ्यापुढे टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "त्या दिवशी माझं काय चुकलं, ते दाखवा."

मातीला आलेल्या लोकांनी धीर द्यायचा म्हणून जे म्हटलं, ते त्यांना शब्दन् शब्द पाठ होतं. देवाला चांगली माणसं लवकर लागतात. देवाची योजना होती. रडू नका, साक्ष बिघडते, म्हणजे लोकांना आपला विश्वास कच्चा दिसतो. तेव्हापासून मावशी रडल्याच नव्हत्या. उपासनेला जायच्या, पण प्रभूच्या प्रार्थनेत, म्हणजे येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत, "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" ही ओळ आली की त्यांचे ओठ मिटायचे. "दुष्काळात आमची मोसंबीची बाग उभी वाळली, तवा म्या देवाला बोल लावला नाही," त्या म्हणाल्या. "आता तोंडातून शब्दच फुटंना. म्या बेईमान झाले का?"

मी त्यांना विचारलं, हीच ओळ प्रभू येशूने स्वतः कधी म्हटली? गेथशेमाने बागेत, पकडले जाण्याच्या रात्री. पण ती त्याच्या तोंडून सहज आली नाही. आधी तो पालथा पडला. माझा जीव मरणप्राय खिन्न झालाय, असं त्याने शिष्यांना सांगितलं. हा प्याला, म्हणजे पुढे येणारं दुःख, टळू दे, असं बापाजवळ, म्हणजे देवाजवळ मागितलं, तेही एकदाच नाही. त्या मागण्याला कुणी अविश्वास म्हणत नाही. मग मावशींच्याच मागण्याला आणि रडण्याला का म्हणायचं?

मुलंबाळं आणि धन सगळं गमावलेल्या बायबलमधल्या ईयोबाची गोष्ट लोक सांगतात ती बहुधा "परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले" इथपर्यंतच. ते पहिल्या अध्यायातलं आहे, आणि पुस्तकाला ४२ अध्याय आहेत. पुढे ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाकडे जाब मागतो. त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्यापाशी जमिनीवर गप्प बसतात. त्यांनी केलेलं सगळ्यात भलं काम तेच. मग ते बोलायला लागतात, देवाची बाजू मांडतात, तुझंच काहीतरी पाप असेल म्हणतात. शेवटी देव कुणावर रागावतो? त्या मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, तसं तुम्ही बोलला नाहीत, असं त्यांना सुनावतो. आणि ईयोबालाही आपल्यावर हे का ओढवलं याचं कारण कळत नाहीच. देव त्याच्याशी चार अध्याय बोलतो, त्यात उत्तरांपेक्षा प्रश्नच जास्त. सृष्टी कुणाच्या हाती आहे एवढं त्याला दिसतं. माझ्या मते देवाचं सार्वभौमत्व आपल्याला सांत्वन देतं ते इतकंच, आणि ते पुष्कळ आहे. कोण चालवतो हे आपल्याला सांगितलेलं आहे. का, हे पुष्कळदा सांगितलेलं नाही, आणि शेजाऱ्याने ते आपल्या पदरचं सांगू नये.

भावांनी गुलाम म्हणून विकलेल्या योसेफाचंही तसंच होतं. तुम्ही वाईट योजलं पण देवाने त्यातून चांगलं योजलं, हे त्याचं वाक्य प्रत्येक शोकसभेत ऐकू येतं. तो १७ वर्षांचा असताना विकला गेला, ३० वर्षांचा असताना मिसरच्या राजापुढे, फारोपुढे उभा राहिला, आणि हे वाक्य त्याने त्याहीनंतर कित्येक वर्षांनी, बाप वारल्यावर म्हटलं. स्वतः म्हटलं. भावांनी टाकलेल्या खड्ड्यात तो असताना वरून डोकावून कुणी त्याला ते ऐकवलं नव्हतं.

मावशींना मी वहीत लिहायचंच काम दिलं. उजवीकडच्या रिकाम्या रकान्यात देवाला जे म्हणायचं ते लिहा, शुद्ध-अशुद्ध बघू नका. नमुना म्हणून तेरावं स्तोत्र वाचून दाखवलं. दावीद पहिल्या दोनच वचनांत देवाला चार वेळा विचारतो, कोठवर? मावशी ऐकत राहिल्या. "हे बायबलात आहे?" रोज बायबल वाचणाऱ्या बाईचा हा प्रश्न होता. पुढच्या वेळी आल्या तेव्हा दोन पानं भरली होती. पहिली ओळ होती, "तू जागा होतास ना?" ती वाचता वाचता त्या रडल्या, मुलगा गेल्यानंतर पहिल्यांदा, आणि मी थांबवलं नाही.

दुसरी गोष्ट तातडीची होती. मावशींनी बीपीच्या गोळ्या बंद केल्या होत्या. न्यायचं असेल तर देव नेईल, गोळीनं काय होणार, असं म्हणायच्या. याला मी विश्वास मानत नाही, आणि तसं त्यांना स्पष्ट सांगितलं. बायबलमधल्या आजारी हिज्किया राजाला देवाने १५ वर्षं आयुष्य वाढवून दिल्याचं सांगितलं, तरी यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला लावला. वचनही देवाचं आणि औषधही देवाचंच. त्यांच्या मुलीला बोलावून घेतलं, दोघींना डॉक्टरांकडे पाठवलं. झोप थोडी सुधारली तसं बोलणंही सुधारलं. उपाशी, जागरणाने थकलेल्या शरीरात शांती उतरायला फार जड जातं, थकून मरण मागणाऱ्या एलिया संदेष्ट्याला देवदूताने आधी झोपू दिलं आणि भाकर दिली ती उगाच नाही.

मावशींना कारण सापडलेलं नाही. पण वही पुन्हा सुरू झाली आहे, आता खुणा करत नाहीत. प्रभूची प्रार्थना म्हणताना ती ओळ कधी म्हणतात, कधी गप्प राहतात, आणि गप्प राहिल्याची भीती आता त्यांना वाटत नाही. "म्या त्याला सोडलं नाही, त्यानं मला सोडलं नाही, भांडण चालू हाय," असं त्या म्हणतात. प्रेषित पौलाने फिलिप्पै गावच्या मंडळीला कैदेतून लिहिताना जी शांती सांगितली, ती बुद्धीपलीकडची आहे. कारण समजल्यावर मिळणारी असती, तर मावशींना ती कधीच मिळाली नसती.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर त्याच्याजवळ बसा, जेवायला वाढा, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला. पाळकसाहेबांना भेटायला सांगा, पण उपदेशासाठी नको, ऐकून घेण्यासाठी. आठवडे उलटूनही जेवण, झोप, अंघोळ, कामधंदा काहीच रुळावर येत नसेल, तर डॉक्टरांकडे न्या. आणि "मलाही त्याच्याकडे जायचंय" असं कुणी बोलायला लागलं, तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.