शपथेचे ‘नवं-जुनं’

“मॅडम, हे सुटतं का?” हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की, ‘हे’ म्हणजे काय ते समोरच्याने सांगण्याआधीच त्याच्या खाली घातलेल्या मानेवरून मला अंदाज येतो. विचारणारे बहुतेक पुरुष असतात, क्वचित स्त्रियाही असतात, आणि जवळजवळ सगळे दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले असतात. परभणीचा माणूस नांदेडला माझ्याकडे येतो, नांदेडचा छत्रपती संभाजीनगरला जातो आणि लातूरचा सोलापूर गाठतो, कारण लैंगिक सवयींबद्दल बोलायला समुपदेशकाचा जिना चढताना गावातल्या कोणी पाहिले तर काय, ही धास्ती मूळ त्रासापेक्षा मोठी असते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार उपचारांबाबतची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे, हे मी पहिल्या पाच मिनिटांतच सांगते. त्यावर विश्वास बसायला मात्र तीन-चार भेटी जातात.

यांतल्या पुष्कळांना मुळात कोणताच विकार नसतो. शिकवणी वर्गासाठी लातूरला खोली घेऊन राहिलेला एकोणीस वर्षांचा मुलगा हस्तमैथुनाने आपले शरीर पोखरले जात आहे असे समजून येतो, आणि येण्यापूर्वी बसस्थानकाजवळच्या भिंतीवर रंगवलेल्या ‘गुप्तरोग’ जाहिरातीच्या नादाने घरून आलेले मेसचे पैसे घालवून बसलेला असतो. त्याला औषधाची नव्हे, शरीरशास्त्राच्या एका सरळ धड्याची गरज असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आणि तिच्यात अनिवार लैंगिक वर्तनाच्या विकाराला प्रथमच स्वतंत्र स्थान मिळाले. पण तेथेही अट स्पष्ट आहे. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ आवेगावर ताबा राहत नसेल, काम, घर आणि प्रकृती यांची हानी होत असूनही, प्रसंगी सुख मिळेनासे झाले असूनही वर्तन थांबत नसेल, तरच हे निदान करायचे. ‘मी पाप करतो आहे’ एवढ्याच टोचणीतून आलेले दुःख त्यासाठी पुरेसे नाही. याला व्यसन म्हणावे की आवेगावरील ताबा सुटणे म्हणावे, याबद्दल तज्ज्ञांत अजून एकमत नाही आणि माझ्या खोलीत त्या वादाने फारसा फरक पडत नाही.

ज्या गृहस्थांविषयी लिहायचे आहे, त्यांच्या बाबतीत या सर्व अटी पूर्ण होत होत्या. ओळख पटू नये म्हणून मी काही तपशील बदलले आहेत आणि दीड वर्षाच्या भेटी थोड्या संवादांत आणल्या आहेत. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांचे कृषी सेवा केंद्र आहे. वय चाळिशीच्या आसपास, दोन मुले, घरात वारकरी वातावरण. पहिल्या भेटीत ते दारातच थबकले आणि म्हणाले, “मला वाटलं होतं, सर असतील.” मी म्हणाले, “सरांचा पत्ता देते, पण उन्हातून आलात, पाणी पिऊन जा.” पाणी पिऊन झाल्यावर ते सव्वा तास बोलले.

दुकानाचे शटर आतून ओढून, बियाण्यांच्या पोत्यांमागे बसून ते रात्री तीन-चार तास मोबाइलवर अश्लील चित्रफिती पाहत. पुढे पैसे मोजून अनोळखी स्त्रियांशी व्हिडिओ कॉल सुरू झाले. त्यातल्या एका कॉलचे चित्रीकरण करून कोणीतरी धमकावले, तेव्हा त्यांनी दोनदा पैसे पाठवले. (अशा वेळी पैसे देऊ नयेत, पुरावे पुसू नयेत आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर लगेच तक्रार करावी. पैसे दिल्याने मागणी थांबत नाही, वाढते.) कंपनीच्या बैठकीला परगावी गेले असताना दोनदा लॉजवरही प्रकरण गेले होते. बँकेच्या संदेशांवरून पत्नीला संशय आला आणि तिने विचारल्यावर त्यांनी सगळे कबूल केले.

“पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, मॅडम. बारा दिवस पाळली. मग माळ घातली. ती दोनदा उतरवून ठेवली, कारण माळ गळ्यात असताना तसलं बघवत नव्हतं. माझ्यासारखा नालायक माणूस तुम्ही पाहिला नसेल.”

“पाहिले आहेत,” मी म्हणाले, “आणि सगळे हेच वाक्य बोलतात.”

प्रथम मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. समुपदेशकाने हा टप्पा गाळू नये असे माझे ठाम मत आहे, कारण उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या आजारात उन्मादाच्या काळात कामेच्छा बेफाम वाढू शकते, कंपवातावरील काही औषधांमुळेही असा आवेग उफाळू शकतो, आणि मुळाशी नैराश्य, अतिचिंता किंवा दारू असेल तर नुसत्या बोलण्याने भागत नाही. त्यांना सौम्य नैराश्य निघाले आणि त्यासाठी गोळ्या सुरू झाल्या. दुसरे काम अधिक कठीण होते. लॉजचा उल्लेख आल्यामुळे शासकीय रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन व तपासणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी करणे आवश्यक होते. ती मोफत असते आणि गुप्त ठेवली जाते. “तपासणी करणं म्हणजे परत एकदा कबूल करणं,” असे म्हणत त्यांनी तीन आठवडे काढले. शेवटी पत्नीने स्वतःची तपासणी करून घेतली, तेव्हा तेही गेले. दोघांचेही अहवाल निर्दोष आले.

आता एका वहीकडे वळते. विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या ज्या विचारपरंपरेत मी घडले, तिचे प्रवर्तक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेले सूत्र मला आजही पटते: घटना आपल्याला तितकी हलवत नाही, जितके आपण त्या घटनेला लावलेले अर्थ हलवतात. हे व्याख्यान त्यांना देऊन काहीच उपयोग झाला नसता. उधारीची वही मात्र ते वीस वर्षे लिहीत होते. मी सांगितले, “तशीच एक वही घाला. काय पाहिलं ते लिहू नका, किती वेळ पाहिलं तेही लिहू नका. त्याच्या आधीच्या दोन तासांत काय घडलं आणि मनात कोणतं वाक्य आलं, एवढंच लिहा.”

सहा आठवड्यांनी ते वही घेऊन आले. सतरा नोंदी होत्या. त्यांतल्या अकरा नोंदींच्या आधी वसुलीचा फोन होता: कधी शेतकऱ्याने ‘सोयाबीनला भाव नाही, दादा, थोडं थांबा’ म्हटले होते, तर कधी वितरकाने यांनाच थकबाकीबद्दल सुनावले होते. वासना म्हणावी अशी गोष्ट फार थोड्या नोंदींत दिसत होती. इथवर मला अपेक्षितच होते. माझी नजर अडली ती चार नोंदींवर, कारण त्या शपथ घेतल्यानंतर अगदी थोड्या दिवसांतल्या होत्या आणि त्यांच्या आधी ताण असा काहीच नव्हता.

“शपथ घेतली की त्या रात्री कसं वाटतं?” मी विचारले.

“हलकं वाटतं. शांत झोप लागते.”

“नेमकं काय उतरल्यासारखं वाटतं?”

ते बराच वेळ गप्प राहिले. मध्ये बोलण्याचा मोह मला दोनदा झाला आणि दोन्ही वेळा मी तो आवरला. पंचवीस वर्षांच्या कामात मी काही शिकले असेन, तर ते इतकेच. त्यांनी वहीची पाने मागे-पुढे केली आणि स्वतःशीच पुटपुटल्यासारखे म्हणाले, “मॅडम, हे तर नवं-जुनं झालं.”

शेतीशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी सांगते. पीककर्जाची मुदत संपत आली की शेतकरी कोठून तरी चार दिवसांसाठी पैसे उचलतो, सोसायटीचे जुने कर्ज भरतो आणि लगेच नवे घेतो. कागदावर खाते नियमित होते, देणे मात्र जिथल्या तिथे राहते. त्या गृहस्थांना दिसले ते हे, की पश्चात्तापाने रडून, पोराच्या डोक्यावर हात ठेवून ते दर वेळी जुने खाते बेबाक करत होते, आणि बेबाक झालेल्या खात्यावर नवी उचल करायला मन मोकळे होत होते. ज्या शपथेला ते कुलूप समजत होते, तीच त्यांची पत होती.

ही उपमा मला कधीच सुचली नसती, आणि सुचली असती तरी माझ्या तोंडून ती वाया गेली असती. मी फक्त पुढचा धागा ओढला. “मग स्वतःला नालायक म्हणणं हे काय आहे?” ते हसले, माझ्यासमोर ते प्रथमच हसत होते. “नालायकाकडून कोण वसुली करतंय?”

लाज माणसाला सुधारते, या समजुतीवर आपल्याकडच्या निम्म्या संस्कारांची भिस्त आहे, म्हणून मी हे सावधपणे लिहिते. आपल्या कृतीबद्दल खेद वाटणे आवश्यक आहे, कारण त्यातून भरपाईची वाट निघते. पण संपूर्ण स्वतःलाच टाकाऊ ठरवले की भरपाई करणारा कोणी उरतच नाही, आणि उरलेल्या असह्य पोकळीतून सुटण्यासाठी मन पुन्हा त्याच पडद्याकडे धावते. त्यामुळे आमच्या पुढच्या भेटींचा विषय कामवासना नव्हताच. ‘उधारी बुडाली तर मी संपलो’ हे वाक्य तपासणे, वसुलीचे फोन सकाळी भावाला शेजारी बसवून करणे, रात्री आठला दुकान बंद करून किल्ली घरी देणे आणि आवेग आला तर त्याच्याशी झुंजत न बसता अर्धा तास उठून चालत राहणे, असे साधे उपाय होते. आवेग कायम चढतच राहील अशी भीती असते. बहुधा तो तेवढ्या वेळात ओसरतो. माळेबद्दल त्यांनी विचारले, तेव्हा मी म्हणाले की ती श्रद्धेने घालायची असेल तर जरूर घालावी, पहारेकरी म्हणून घालू नये. मद्यपींसाठी १९३५ मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या धर्तीवर या त्रासासाठीही स्वमदत गट आहेत आणि त्यांच्या ऑनलाइन बैठका भरतात. ‘आपण हतबल आहोत’ हे त्यांचे पहिले पाऊल माझ्या विचारात बसत नाही, तरीही एकाकी माणसाला तेथे सोबती मिळतात हे मी पाहिले आहे आणि तेथे जाण्यापासून कोणाला अडवत नाही.

घरच्यांसाठीही थोडे सांगायला हवे. अविवाहित मुलाला असा त्रास असेल तर ‘लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल’ असा सल्ला हमखास मिळतो आणि त्यात एका निरपराध मुलीला औषधासारखे वापरले जाते. विवाहितांच्या पत्नीला सांगितले जाते की तिने नवऱ्याला ‘सांभाळून घ्यावे’. या गृहस्थांच्या पत्नीने पहिल्याच भेटीत मला विचारले होते, “माझ्यात काही कमी होतं का?” नव्हते, आणि हे तिला त्यांनीच माझ्यासमोर सांगावे अशी मी व्यवस्था केली. रोज मोबाइल तपासण्याचे काम तिने सोडले. पैशांचे व्यवहार मात्र स्वतःकडे घेतले. जवळीक कधी आणि कितपत हे तीच ठरवेल, हेही ठरले. तिने त्यांना क्षमा केली का, हे मी विचारलेले नाही. ती आजही महिन्यातून एकदा स्वतःसाठी येते, आणि प्रवास जमत नाही तेव्हा टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलते.

गेल्या दिवाळीपूर्वी, सोयाबीनची रास घरी येण्याच्या दिवसांत, सुमारे चार महिन्यांनी त्यांचा तोल पुन्हा गेला. पूर्वी असे झाले की ते महिना-महिना तोंड दाखवत नसत. या वेळी दुसऱ्याच दिवशी सकाळी फोन आला.

“काल रात्री झालं, मॅडम. वहीत लिहिलंय, हिलाही सांगितलंय. शपथ घेतली नाही. मंगळवारची वेळ मिळेल का?”

मंगळवारी अकराची वेळ मोकळी होती, ती मी त्यांना दिली.