आयसीसी नॉकआउट आणि चॅम्पियन्स ट्रॉफी एकच का? मग ‘हरलात की घरी’ ही पद्धत का सोडली?

कागदोपत्री एकच. १९९८ ची ढाक्याची आणि २००० ची नैरोबीची स्पर्धा आयसीसी आपल्या नोंदींत चॅम्पियन्स ट्रॉफीच्या पहिल्या दोन स्पर्धा म्हणूनच धरते. २००२ मध्ये नाव बदललं आणि नावाबरोबर स्वभावही बदलला. तुम्ही विचारलंय की इतकी थरारक बाद पद्धत सोडून गटबिट कशाला आणले. माझं मत विचाराल तर, बघणाऱ्यासाठी ती पद्धत झकास होती. पण ज्या पैशासाठी ही स्पर्धा काढली, तोच पैसा त्या पद्धतीत रोज पणाला लागायचा.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९९७ मध्ये जगमोहन दालमिया आयसीसीचे अध्यक्ष झाले. विश्वचषक चार वर्षांतून एकदा, मधल्या काळात आयसीसीच्या तिजोरीत फारसं काही येत नसे, आणि क्रिकेट नव्या देशांत न्यायचं तर पैसा हवा. मग तोडगा निघाला तो असा: सगळे कसोटी देश एकत्र आणायचे, आठ-दहा दिवसांत एकाच मैदानावर स्पर्धा उरकायची, आणि ती भरवायची कसोटी दर्जा नसलेल्या देशात. म्हणून पहिली ढाक्याला, दुसरी नैरोबीला. ढाक्याच्या स्पर्धेचं अधिकृत नाव ‘विल्स इंटरनॅशनल कप’, पण लोकांच्या तोंडी ‘मिनी वर्ल्ड कप’च होतं. त्या वर्षी बांगलादेशात भयंकर पूर आला होता, तरी ऑक्टोबरअखेर बंगबंधू स्टेडियमवर स्पर्धा पार पडली. गंमत म्हणजे यजमान बांगलादेशच त्यात नव्हता! खेळले ते फक्त नऊ कसोटी संघ.

आता इथे एक साधं गणित आहे, आणि सगळी गोम त्यातच आहे. बाद पद्धतीत प्रत्येक सामना एका संघाला घरी पाठवतो. म्हणजे नऊ संघ असतील तर सामने आठ. नैरोबीला केनिया आणि बांगलादेश धरून अकरा संघ होते, तर सामने दहा. त्यापुढे एकही नाही. शिवाय वरच्या मानांकनाच्या संघांना थेट उपांत्यपूर्व फेरीत घेतलं जाई. कागदावर हा त्यांचा मान, प्रत्यक्षात मात्र पहिल्याच सामन्यात घसरले की सामान आवरायचं.

ऑस्ट्रेलियाचंच बघा. १९९९ चा विश्वचषक जिंकणारा, त्या काळातला सगळ्यात दणकट संघ. बाद पद्धतीच्या दोन्ही स्पर्धा मिळून तो किती सामने खेळला? दोन. दोन्ही भारताविरुद्ध, दोन्ही हरला.

ढाक्याचा सामना सचिनचा. सुरुवातीलाच दोन गडी गेले होते, तिथून त्यानं १४१ धावा केल्या, भारत ३०७ पर्यंत पोचला. ऑस्ट्रेलिया पाठलागात बरी चालली होती, तेवढ्यात हाच गोलंदाजीला आला आणि ३८ धावांत ४ गडी घेऊन गेला. भारत ४४ धावांनी जिंकला. त्याच वर्षी शारजात ऑस्ट्रेलियाविरुद्धच सचिननं केलेल्या दोन शतकी खेळ्या सगळ्यांना तोंडपाठ असतात, ह्या सामन्याची आठवण मात्र फार कमी लोक काढतात. माझ्या मते एका सामन्यातली कामगिरी म्हणून ही शारजापेक्षा तसूभरही कमी नाही. हरलो असतो तर दुसरी संधी नव्हतीच.

नैरोबीला ७ ऑक्टोबरला पुन्हा तेच दोघे समोरासमोर. ह्या वेळी अठरा वर्षांचा युवराज सिंग. पदार्पण आधीच्या केनियाच्या सामन्यात झालं होतं, पण तिथे त्याची फलंदाजीच आली नाही. म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये पहिल्यांदा बॅट हातात घेतली ती थेट मॅकग्रा, ली, गिलेस्पी यांच्यासमोर. ८० चेंडूंत ८४. नंतर मायकेल बेव्हनला धावचीत केलं. झहीर खानसुद्धा त्याच स्पर्धेत आला, आणि स्टीव्ह वॉचा त्यानं यॉर्करवर उडवलेला त्रिफळा ज्यांनी पाहिला ते अजून त्याचं वर्णन करतात. फिक्सिंगच्या प्रकरणांनी भारतीय क्रिकेटची अब्रू धुळीला मिळाली होती, ते हे वर्ष. गांगुलीचा नवा संघ म्हणून लोक ज्याच्याकडे आशेनं बघायला लागले, तो ह्या स्पर्धेपासून.

उपांत्य सामन्यात गांगुलीनं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद १४१ केल्या आणि आपण ९५ धावांनी जिंकलो. अंतिम सामन्यात समोर न्यूझीलंड.

तो सामना मी टीव्हीसमोरून न हलता पाहिला होता, म्हणून त्याबद्दल जरा जास्त लिहितो. सचिन आणि गांगुलीनं सलामीलाच १४१ जोडल्या. तिथून तीनशेच्या आसपास जायला हवं होतं. पण डावाचा उत्तरार्ध रेंगाळला आणि गांगुलीच्या ११७ धावांनंतरही आपण ६ बाद २६४ वर थांबलो. तरी न्यूझीलंडची अवस्था ५ बाद १३२ झाली तेव्हा चषक आपलाच वाटत होता. ख्रिस केर्न्सचा गुडघा दुखावलेला, तो खेळणार की नाही इथपासून शंका. त्यानं आधी गोलंदाजी केली, मग ख्रिस हॅरिसला हाताशी धरून १२२ धावांची भागी केली. चौकार-षटकारांची आतषबाजी वगैरे काही नव्हती. एकेरी-दुहेरी, मध्येच एखादा लांब फटका, की पुन्हा एकेरी. लागणारा वेग हाताबाहेर जातोय असं वाटायला लागलं की नेमका तेव्हाच तो एक चेंडू सीमेपार करायचा. हॅरिस ४६ वर गेला, केर्न्स १०२ वर नाबाद राहिला, आणि दोन चेंडू राखून न्यूझीलंडनं सामना काढला. भारत त्या स्पर्धेत चार सामने खेळला आणि हरला फक्त शेवटचा.

बाद पद्धतीच्या विरोधकांना मी नेहमी एक गोष्ट विचारतो. ह्या दोन स्पर्धा जिंकल्या कोणी? १९९८ दक्षिण आफ्रिका, २००० न्यूझीलंड. एकाच्या कपाळावर ‘चोकर्स’, म्हणजे ऐन मोक्याच्या क्षणी कच खाणारे, असा शिक्का, दुसरा म्हणजे कायमचा ‘गुणी पण उपांत्य फेरीपुरता’. दक्षिण आफ्रिका १९९२ मध्ये पावसाच्या नियमानं, १९९६ मध्ये लाराच्या शतकानं आणि १९९९ मध्ये एजबॅस्टनच्या त्या बरोबरीनं विश्वचषकातून बाहेर पडली. तिन्ही वेळा बाद फेरीत. पण जी स्पर्धा पहिल्या चेंडूपासून बाद फेरीच होती, ती मात्र तिनं जिंकली! जॅक कॅलिसनं पावसानं छाटलेल्या उपांत्य सामन्यात श्रीलंकेविरुद्ध नाबाद ११३ केल्या आणि अंतिम सामन्यात वेस्ट इंडीजचे ३० धावांत ५ गडी घेतले. फिलो वॉलेसचं तिकडचं शतक त्यामुळे वाया गेलं. दक्षिण आफ्रिकेला पुढची आयसीसी ट्रॉफी मिळाली ती २०२५ मध्ये, लॉर्ड्सवर, कसोटी अजिंक्यपदाची. सत्तावीस वर्षांनी. न्यूझीलंडलाही नैरोबीनंतर थेट २०२१ पर्यंत थांबावं लागलं.

मला वाटतं ह्यामागे कारण साधं आहे. विश्वचषकात महिनाभर साखळीत चांगलं खेळायचं, तोवर अपेक्षांचं ओझं वाढत जातं, वर्तमानपत्रं जुने पराभव उकरून काढतात, आणि मग एका सकाळी ‘आज हरलात तर संपलं’ असं कळतं. ढाक्याला हे चढत जाणारं दडपणच नव्हतं. पहिल्या दिवसापासून तेच, आणि सगळ्यांना सारखंच. तीन सामने जिंकले की चषक हातात. (ढाक्यात चषक उंचावणारा कर्णधार हॅन्सी क्रोनिए. दोन वर्षांनी नैरोबीची स्पर्धा चालू असतानाच त्याच्यावर त्याच्या देशाच्या मंडळानं आजन्म बंदी घातली. क्रिकेटमध्ये योगायोगही काय काय घडतात.)

तर मग एवढं सगळं असताना पद्धत बदलली का? टीव्ही. २००० सालीच आयसीसीनं २००७ पर्यंतच्या आपल्या स्पर्धांचे हक्क ५५ कोटी डॉलरना विकले. इतके पैसे मोजणारा माणूस आठ-दहा सामन्यांवर समाधान कसं मानणार? त्यातही भारत पहिल्याच दिवशी बाहेर पडला तर उरलेल्या जाहिराती कोण बघणार?

आणि भारत-पाकिस्तान. हे फारसं कुणी लक्षात घेत नाही, पण दोन्ही स्पर्धांत हा सामना एका पावलावर येऊन हुकला. ढाक्यात पाकिस्ताननं वेस्ट इंडीजला हरवलं असतं तर उपांत्य फेरीत गाठ भारताशीच होती. वेस्ट इंडीज ३० धावांनी जिंकली. नैरोबीत सईद अन्वरच्या शतकानंतरही पाकिस्तान उपांत्य सामन्यात न्यूझीलंडकडून हरला, नाहीतर अंतिम सामना भारत-पाकिस्तान झाला असता. कार्यक्रम आखणाऱ्यांच्या जिवाची त्या दोन्ही रात्री काय घालमेल झाली असेल! पुढे गट आले आणि २००४ मध्ये हे दोघे एका गटात होते. २००९, २०१३, २०१७, २०२५: प्रत्येक वेळी एकाच गटात. हा योगायोग आहे असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू द्या.

बदल एकदम झाला नाही. २००२ मध्ये बारा संघ, तीन-तीनचे चार गट, आणि प्रत्येक गटातून एकच पुढे. म्हणजे निदान दोन सामन्यांची हमी, पण एक हरलात की बहुतेक संपलंच. बाद पद्धतच, जरा मऊ केलेली. (त्या वर्षीचा अंतिम सामना कोलंबोत पावसानं दोन दिवस धुऊन नेला. राखीव दिवशी खेळ आधीच्या ठिकाणापासून नव्हे, तर नव्यानं सुरू करायचा असा नियम. त्यामुळे श्रीलंकेनं दोन दिवसांत मिळून पूर्ण शंभर षटकं फलंदाजी केली, भारताची अकरासुद्धा झाली नाहीत, आणि चषक दोघांत वाटला गेला. इतका बिनडोक नियम मी तरी दुसरा पाहिला नाही.) २००६ मध्ये मुख्य फेरीत चार-चारचे दोन गट झाले, २००९ पासून थेट आठ संघ आणि पंधरा सामने. तीच चौकट आजही आहे.

गटांची बाजू मांडायची तर तीही मांडतो. सर्वोत्तम संघ शोधायचा असेल तर बाद पद्धत कुचकामी आहे. नाणेफेक, दव, एक चुकलेला झेल, आणि चांगला संघ विमानात. २००६ मध्ये ऑस्ट्रेलिया मुंबईत गटातला सामना वेस्ट इंडीजकडून हरली, जेरोम टेलरनं हॅटट्रिक घेतली होती. पुढे त्याच वेस्ट इंडीजला अंतिम सामन्यात आठ गड्यांनी लोळवून तिनं चषक नेला. २०१७ तर आपल्याला चांगलंच आठवतं. आठ संघांत आठव्या क्रमांकावर असलेला पाकिस्तान एजबॅस्टनला भारताकडून १२४ धावांनी हरला. ढाक्याचा नियम असता तर दुसऱ्या दिवशी लाहोरला पोचला असता. गट होते म्हणून थांबला, सावरला, आणि १८ जूनला ओव्हलवर आपल्याला १८० धावांनी हरवून गेला. फखर झमान नोबॉलवर झेल देऊन वाचला आणि ११४ करून गेला, हे आहेच. पण बाद पद्धतीत तो त्या दिवशी मैदानावर दिसलाच नसता. तेव्हा भारतीय चाहत्यानं जुन्या नियमाचा कैवार घेण्यात थोडा स्वार्थ आहे, हे मान्य.

म्हणूनच आकडेवारी वाचताना एक पथ्य पाळा. चॅम्पियन्स ट्रॉफीत कुणाच्या किती धावा, किती बळी, किती विजय, ह्या याद्यांत पहिल्या दोन स्पर्धा मिसळलेल्या असतात. तिथे एखाद्या ऑस्ट्रेलियन फलंदाजाला दोन डाव मिळाले, २००९ नंतर एकाच स्पर्धेत पाच मिळू शकतात. ह्या दोन काळांची तुलना लावू नका, फसाल.

जुनी पद्धत परत येईल का? दोन मोठ्या स्पर्धांच्या मधे, दहा दिवसांत, नेपाळ किंवा नामिबियासारख्या ठिकाणी एक निव्वळ बाद स्पर्धा झाली तर मी रजा टाकून बघेन. पण चॅम्पियन्स ट्रॉफीच्या नावाखाली तसं होणं अवघड आहे. पुढची २०२९ मध्ये भारतात ठरलेली आहे, आणि पहिल्याच संध्याकाळी यजमान भारत बाहेर पडू शकेल असा नियम कुठलंही मंडळ आणि कुठलीही वाहिनी स्वतःहून मान्य करेल असं मला वाटत नाही.