पहिलं खोगीर, पहिला तंग

प्रश्न: सारंगखेड्याच्या बाजारातून मारवाडी घोडी घेतली. विकणाऱ्याने तीन वर्षांची सांगितली. तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) आवळला की पाठ कमान करते, एकदा खोगिरासकट उधळली. स्वारी कधी सुरू करू? माझं वजन ७८ किलो. (एक वाचक, शहादा)

उत्तर: आधी तिचं तोंड उघडून पाहा. बाजारात सांगितलेलं वय पुष्कळदा सोयीचं असतं. समोरच्या दुधाच्या दातांची मधली जोडी साधारण अडीच वर्षांना बदलते, शेजारची साडेतीनला, कोपऱ्यातली साडेचारला. मधले दात अजून बारीक, पांढरेशुभ्र आणि हिरडीपाशी निमुळते असतील, तर घोडी तीनची नाही. मग वर्षभर पाठीवर न बसता फक्त जमिनीवरचं काम. पाठीचे मणके पूर्ण पक्के व्हायला साडेपाच-सहा वर्षं लागतात, त्यामुळे तीन पूर्ण असली तरी सुरुवातीला स्वारी दहा-पंधरा मिनिटांचीच, तीही साध्या चालत्या गतीने.

आता तंग. तुमचा घोटाळा बहुधा इथेच झाला आहे. एका दमात आवळला की कोपरामागे घट्ट पकड बसते, घोडीला कोणी झडप घातल्यासारखं वाटतं आणि ती कमान करते. खोगीर उतरवा. आठवडाभर नुसती घडी घातलेली घोंगडी आणि रुंद मऊ पट्टा बांधून, सात-आठ मीटर दोरावर दोन्ही बाजूंनी गोल फिरवा. एकूण वेळ बारा-पंधरा मिनिटं. वर्तुळ लहान करू नका, कोवळ्या सांध्यांवर ताण येतो. मग खोगीर ठेवा, रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या) वर बांधून. पहिल्यांदा तंगाखाली तीन बोटं जातील एवढाच ओढा, दहा पावलं चालवा, एक भोक आवळा, पुन्हा चालवा. शेवटी पुढचे दोन्ही पाय एकेक करून पुढे ओढा, म्हणजे कोपरामागे चिमटलेली कातडी सुटते. फार सैलही ठेवू नका: खोगीर पोटाखाली फिरलं की घोडी जी उधळते, ती भीती घालवायला महिने जातात. हे सगळं करताना घोडी खुंट्याला बांधलेली नको, दोर माणसाच्या हातात हवा.

एवढं करूनही कमान राहिली, किंवा पाठीवर तळवा दाबल्यावर ती खचली, तर पशुवैद्याला पाठ दाखवा.

वजनाचा हिशेब करा. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (ढुंगणाच्या) टोकापर्यंतची लांबी, भागिले ११,८७७. घेर १६०, लांबी १५० असेल तर घोडी सुमारे ३२३ किलोची. स्वार आणि खोगीर मिळून तिच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत हवेत, म्हणजे ६५ किलो. तुम्ही खाली राहून दोर धरा, पाठीवर पन्नास-पंचावन्न किलोचा सरावलेला स्वार घ्या. त्याने भक्कम ओट्यावरून आधी घोडीच्या पाठीवर पोटावर आडवं व्हावं, रिकिबीला लोंबकळून नव्हे. चार-पाच दिवस शांत गेले की पाय पलीकडे टाकावा.

प्रश्न: जुने चाबूकस्वार (घोडे शिकवणारे) काटेरी कडियाळ (लगामाचा तोंडात बसणारा लोखंडी भाग) घालायला सांगतात. घालावं का?

उत्तर: नाही. १९६५ च्या जनावरांवरील क्रूरता रोखणाऱ्या नियमांतच त्याला मनाई आहे. गुळगुळीत, मध्ये सांधा असलेलं कडियाळ पुरेसं. ते घालण्याआधी वरच्या पहिल्या दाढेपुढे मटाराएवढा जादा दात आहे का ते पशुवैद्याकडून तपासून घ्या. कडियाळ त्यावर आपटलं की घोडी मान झटकते आणि लोक तिला हट्टी ठरवतात.