हात कमरेकडे गेला

पत्र (ओळख पटेल असे तपशील काढून, थोडक्यात):

"ताई, माझं वय ४४. सोलापूर जिल्ह्यात हायवेला आमचा पेट्रोल पंप आहे. तीन वर्षांपूर्वी आमचे मॅनेजर बँकेत भरणा करायला निघाले असताना मोटारसायकलवरच्या दोघांनी त्यांच्या डोळ्यांत मिरचीपूड टाकली आणि बॅग नेली. त्यानंतर मी रीतसर परवाना काढून बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर घेतलं. तेव्हापासून ते कायम कमरेला असतं; घरी आलो की कपाटात, कपड्यांखाली, भरलेलं. सराव सोडला तर एकही गोळी झाडलेली नाही आणि ती वेळ येऊ नये असंच रोज देवाला सांगतो. पण दिवाळीच्या खरेदीला गेलो असताना पार्किंगमध्ये एका बावीस-तेवीसच्या पोरानं गाडी आडवी लावली आणि वर आईवरून शिवी दिली. माझा हात शर्टाखाली गेला. काढलं नाही. पण त्यानं ओळखलं. त्याचा चेहरा एकदम शाळकरी दिसायला लागला आणि तो गाडी काढून गेला. खोटं कशाला सांगू, क्षणभर बरं वाटलं. घरी येताना गाडीत चौदा वर्षांच्या मुलीनं विचारलं, 'पप्पा, तुम्ही काय काढणार होतात?' मी बोललोच नाही. महिना झाला, धड झोप नाही. बायको दुकानात होती, तिला काही माहीत नाही. ठेवू की परत करू? परत केलं तर भावकीत लोक भित्रा म्हणतील."

भाऊ,

आधी उत्तर देते. परत करा. कारणं आता सावकाश सांगते, ती पटली नाहीत तर माझ्या नावानं बोटं मोडा.

बंदूक म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. कणकवली तालुक्यातलं आमचं घर. वडिलांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. रानडुकरं एका रात्रीत नाचणी आडवी करतात, माकडं नारळ टिकू देत नाहीत. तिथं बंदूक ही कोयत्यासारखीच घरातली वस्तू. ती माजघरात दोन खुंट्यांवर आडवी टांगलेली असायची. निवडणुकीची आचारसंहिता लागली की वडील ती गोणपाटात गुंडाळून एसटीनं पोलीस ठाण्यात जमा करायला न्यायचे आणि निकालानंतर परत आणायचे. मधल्या दिवसांत आई म्हणायची, "बंदूक घरात नसली की बरी झोप लागता." आम्ही हसायचो. डुकरं शेतात नाचायची आणि आई घोरायची.

त्या बंदुकीचं एक होतं. नळीत दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, गजानं ठासायचं, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासायचं, शेवटी ठिणगी पाडणारी केप चढवायची. तोवर डुक्कर अर्ध्या वेळा पसार. वडील रागीट होते, बांधावरून चुलत्यांशी त्यांची हातघाई झालेली मी पाहिली आहे. पण रागाच्या भरात बंदूक ठासत बसलेला माणूस आमच्या गावात कुणी पाहिला नव्हता. तेवढा वेळ राग टिकतच नाही. आणि ती खांद्याला लावून कुणी बाजाराला जात नसे.

तुमच्या रिव्हॉल्व्हरला तो वेळ लागत नाही. पाऊण किलोचं वजन, आत सहा गोळ्या, शर्टाच्या एका कापडाआड. राग आणि चाप यांच्यात तुमच्याकडे उरतं ते एवढंच कापड. त्या संध्याकाळी ते पुरलं. तुम्ही काढलं नाहीत, याबद्दल तुमची पाठ थोपटते, अगदी मनापासून. पण ते पुरलं म्हणून दर वेळी पुरेल असं तुम्हालाही वाटत नाही. नाहीतर पत्र लिहिलं नसतंत.

"ते वापरायची वेळ येऊ नये" असं तुम्ही लिहिलंय. भाऊ, वेळ येऊन गेली. पोरानं पाहिलं, तो घाबरला, तुमचं काम झालं. गोळी न उडवता वापरलंत, एवढाच फरक. झोप उडालीय ती पोराच्या शिवीमुळे नाही, "क्षणभर बरं वाटलं" त्यामुळे, असं मला वाटतं. ते वाक्य लिहायला धारिष्ट लागतं. बरेच जण ते स्वतःलाही सांगत नाहीत.

आता कायद्याचं. परवाना देताना हे कुणी समजावलं असेल-नसेल. भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ ही कलमं खाजगी बचावाच्या हक्काची आहेत; १ जुलै २०२४ पूर्वी दंड विधानात तीच ९६ ते १०६ होती. जिवावर बेतलं, जबर दुखापतीची खरीखुरी धास्ती असली, तर हा हक्क समोरच्याच्या मृत्यूपर्यंतही जातो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही आणि पोलिसांची मदत घ्यायला सवड असेल तर हक्क उरत नाही, हेही तिथंच लिहिलंय. आईवरून दिलेली शिवी त्यात कुठंच बसत नाही. बॅग घेऊन पळत सुटलेल्या, तुमच्या जिवाला आता धोका नसलेल्या माणसाच्या पाठीत घातलेली गोळी बचाव म्हणून कोर्टात टिकवणंही महाकठीण. शस्त्र सार्वजनिक ठिकाणी न्यायचं तर झाकलेलं आणि होल्स्टरमध्ये, ते दाखवून मिरवायचं नाही, हे २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात गोळी झाडून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या पोरानं मोबाईल काढून शूटिंग केलं असतं आणि तुम्ही अजून एक इंच हात हलवला असता, तर धमकीचा गुन्हा तुमच्यावर आणि परवाना गेलेला. शिवी देणारा मोकळा.

"मी एवढा बेभान होणारा नाही," असं तुम्ही म्हणाल. २०२४ च्या फेब्रुवारीत उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, निरीक्षकांच्या केबिनमध्ये, जमिनीच्या वादातून एका आमदारानं गोळ्या झाडल्या. वर सीसीटीव्ही चालू, बाहेर पोलीस. आपण कुठं बसलोय ते राग बघत नाही.

बरं, ज्या दिवसासाठी हे घेतलं त्या दिवसाचं बघू. मॅनेजरच्या जागी तुम्ही आहात आणि डोळ्यांत तिखट गेलंय. तुम्ही कुणावर नेम धरणार? भर रस्त्यावर, आंधळ्यासारखे, मागून येणाऱ्या एसटीवर? चोरांनी बॅगही नेली असती आणि तुमचं रिव्हॉल्व्हरही. अमेरिकेत डेनिस ट्युलर नावाच्या पोलीस प्रशिक्षकानं १९८३ मध्ये एक साधं गणित मांडलं: चाकू घेतलेला माणूस एकवीस फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो, आणि सरावातल्या पोलिसाला पिस्तूल काढून गोळी झाडायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. तुमच्यावर चालून येणारे मोटारसायकलवरचे असतील आणि तुमचा शर्ट इन केलेला असेल. सराव किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. वर्षातून दोनदा, असा माझा अंदाज. चुकला असेल तर कळवा.

त्यापेक्षा रोकड कमी करा. पंपावर अर्धी माणसं स्कॅन करून पैसे देत असतील. उरलेल्या रोकडीसाठी फटीतून आत टाकायची जड तिजोरी बसवा, चावी पंपावर नको. बँकेशी बोला, बऱ्याच बँका रोकड न्यायला गाडी पाठवतात; पैसे पडतात, पण काडतुसं काय फुकट मिळतात? स्वतः जायचंच तर रोज वेगळी वेळ, वेगळा रस्ता, चारचाकी आणि बरोबर एक माणूस. रोकड वाहतुकीचा विमा काढा. आणि मॅनेजरना सांगून ठेवा: कुणी बॅग मागितली तर देऊन टाका. त्यांचे डोळे बरे आहेत ना? तुम्ही त्यांच्याबद्दल पुढं एक शब्दही लिहिला नाहीत, ते मला खटकलं.

घरात ते कुठं असतं, तर "कपाटात, कपड्यांखाली, भरलेलं" असं एका ओळीत तुम्ही लिहिलंय. ती ओळ वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. १ ऑक्टोबर २०२४ ची पहाट आठवा. अभिनेता गोविंदा कोलकात्याला निघायच्या गडबडीत होता, परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून सुटलं आणि गोळी त्याच्याच पायात गेली. दरोडेखोर नाही, भांडण नाही. त्याचं नशीब बलवत्तर. तुमच्या घरी चौदा वर्षांची मुलगी आहे, तिच्या मैत्रिणी येतात, दिवाळीत भाचरं येतात. जमा करेपर्यंत गोळ्या काढा. शस्त्र एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, दोन्ही चाव्या तुमच्याजवळ. हे आज करा, उद्या नको.

आणि हे जरा जपून विचारते. महिनाभर झोप नाही, मनाला टोचणी आहे आणि हाताशी भरलेलं रिव्हॉल्व्हर. कॅलिफोर्नियातल्या अडीच कोटींहून जास्त प्रौढांच्या नोंदी वर्षानुवर्षं तपासून स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की हँडगन बाळगणाऱ्या पुरुषांत स्वतःवर गोळी झाडून होणारे मृत्यू न बाळगणाऱ्यांच्या सुमारे आठपट होते. ती माणसं काही वेडी नव्हती. एखादा वाईट तास कुणाच्याही वाट्याला येतो. हाताशी काय आहे यावर पुढचं ठरतं. तुमच्या मनात तसलं काही येतंय का? येत असेल तर हे पत्र बाजूला ठेवा आणि १४४१६ वर फोन करा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. येत नसेल तरी झोपेसाठी डॉक्टरांकडे जाच.

परत करणं म्हणजे काय, तर घाईनं कुणाला विकून टाकणं नव्हे. परवाना नसलेल्याच्या हातात ते एक दिवसही देता येत नाही, मॅनेजरच्याही नाही, मेहुण्याच्याही नाही. पोलीस ठाण्यात जमा करा किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ठेवीत ठेवा, पावती घ्या. परवाना लगेच रद्द करायलाच हवा असं नाही. मुदत आता पाच वर्षांची असते, नूतनीकरणाची वेळ येईल तेव्हा थंड डोक्यानं ठरवा. तोवर कमर हलकी ठेवून बाजारात फिरून बघा. पहिले काही दिवस उघडं-उघडं वाटेल. सारखा हात तिकडे जाईल, चष्मा बदलल्यावर नाकाकडे जातो तसा.

भावकीचं म्हणाल, तर त्यांना कारण सांगायची गरज काय? विचारलंच कुणी, तर म्हणा आचारसंहितेत जमा केलंय. निवडणुका काय, कायम कुठली ना कुठली चालूच असते. आणि जो तुम्हाला भित्रा म्हणेल, त्याला एकदा तुमच्या बॅगेसकट मोटारसायकलवरून बँकेत पाठवा.

बायकोला आज सांगा. पार्किंगपासून सुरुवात करू नका, झोप येत नाही इथून करा. बाकीचं ती काढून घेईल. मला राहून राहून वाटतं, तिला थोडंफार माहीत असणार. महिनाभर कूस बदलणारा माणूस शेजारी असताना बाईला काही कळत नाही, असं होत नाही. ती चिडेल. चिडू द्या.

मुलीशी मात्र वेगळं बोलायला हवं, आणि आईच्या आधी. प्रश्न तिनं विचारला होता, उत्तर तिचं देणं लागतं. मोठं भाषण नको. क्लासला सोडायला जाताना गाडीतच बोला, कारण प्रश्न गाडीत आला होता, आणि समोर बघत बोलणं तुम्हाला दोघांनाही सोपं जाईल. "त्या दिवशी तू विचारलंस ना, मी रिव्हॉल्व्हर काढणार होतो. माझं चुकलं. मी ते आता जमा करतोय." एवढं पुरे. त्यावर ती काही बोलणार नाही कदाचित, मोबाईलमध्ये डोकं घालेल. तिला पावती दाखवायची असेल तर दाखवा.

तुमची,
ताई