तोंडात पिल्ले सांभाळणारी मादी : सिक्लिड पाळणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्या टाकीतील पिवळ्या माशांपैकी एकीने आठवडाभर अन्नाला तोंड लावलेले नाही. हनुवटी फुगली आहे आणि ती दगडाआड एकटीच असते. दुकानदाराने पोटफुगीचे औषध दिले आहे. ते घालावे का? (निपाणी)

उत्तर : घालू नका. तुमच्या वर्णनावरून हा मासा बाजारात ‘इलेक्ट्रिक येलो’ किंवा ‘येलो लॅब’ या नावाने मिळणारा, आफ्रिकेतील मलावी सरोवरातला सिक्लिड (गोड्या पाण्यातल्या माशांचे एक कुळ) आहे, आणि तुमची मादी आजारी नसून तिच्या तोंडात अंडी आहेत. या जातीची मादी अंडी घालताच ती तोंडात घेते आणि साधारण तीन आठवडे, पिल्ले स्वतः पोहू लागेपर्यंत, तशीच सांभाळते. एवढ्या काळात ती जवळजवळ काहीच खात नाही. आपल्याकडच्या धरणांत सापडणारी चिलापी (तिलापिया) हीसुद्धा तोंडातच अंडी उबवते, त्यामुळे कोळी मंडळींना हा प्रकार नवा नाही.

आजार आणि अंडी यांतला फरक फूग कुठे आहे त्यावरून कळतो. पोटफुगीत पोट फुगते, श्वास जलद चालतो आणि विष्ठा पांढरट, दोऱ्यासारखी पडते. अंडी धरलेल्या मादीचे पोट उलट खपाटीला जाते, फुगतो तो जबड्याखालचा भाग. समोरून पाहिलेत तर तोंड पूर्ण मिटलेले दिसणार नाही, आणि मधूनमधून ती काहीतरी चघळत असल्यासारखा जबडा हलवताना दिसेल. ती अंडी फिरवत असते, म्हणजे सगळ्यांना ताजे पाणी लागते आणि बुरशी धरत नाही. तिसऱ्या आठवड्यात हनुवटीची त्वचा ताणून इतकी पातळ होते की बाजूने उजेड पडला तर आतल्या पिल्लांचे डोळे काळ्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात. औषधाची बाटली परत करा आणि पैसे परत मिळाले तर वाळवलेल्या आर्टेमियाच्या (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीवजा जिवाच्या) अंड्यांची डबी घ्या. पिल्लांच्या खाण्यासाठी ती लवकरच लागणार आहे.

प्रश्न : अंडी आधीच तोंडात गेली तर ती फळतात केव्हा? (बेळगाव, महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

उत्तर : तोंडात गेल्यावरच. मलावीतल्या अनेक जातींत नराच्या गुदपरावर (पोटाखाली, शेपटीच्या अलीकडे असलेल्या परावर) अंड्याएवढे पिवळे-नारिंगी ठिपके असतात. मादी अंडी उचलून झाल्यावर त्या ठिपक्यांजवळ तोंड नेते आणि त्याच वेळी नराने सोडलेले वीर्य तिच्या तोंडात जाते. हे ठिपके म्हणजे अंड्यांची नक्कल आहे, असे प्राणिवर्तनाचे अभ्यासक वोल्फगांग विकलर यांनी १९६२ मध्ये मांडले. येलो लॅबमध्ये ते फिकट असतात, म्हणून तुमच्या नजरेस आले नसतील.

प्रश्न : मादीला वेगळे केव्हा करावे? तिचे तोंड उघडून पिल्ले काढून घेण्याचे व्हिडिओ पाहिले. तसे करणे बरे की तिनेच सोडू द्यावी? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : माझे मत स्पष्ट आहे : तिनेच सोडू द्यावी. तोंड उघडून पिल्ले काढण्याचे काम अनुभवी हाताने, अठराव्या दिवसाच्या आसपास, ओल्या जाळीत मासा धरून करता येते, पण त्याची गरज क्वचितच असते. घाईने केल्यास जबड्याला इजा होते आणि पोटाला बलकाची पिवळी पिशवी असलेली, अपुरी वाढलेली पिल्ले हाती येतात.

वेगळे करण्याबाबत सर्वांत जास्त नुकसान पहिल्या काही दिवसांत जाळी घालण्याने होते. त्या काळात मादी दचकली की अंडी थुंकते किंवा गिळून टाकते. पहिलटकरीण तर कोणी हात लावला नाही तरी गिळते, त्यात तिचा किंवा तुमचा दोष नाही. म्हणून दोन आठवडे तिला मोठ्या टाकीतच राहू द्या. नर फारच मागे लागत असेल तर दगडांची रास वाढवून तिला आडोसा करून द्या. त्यानंतर रात्री, खोलीतला दिवा मालवून, मोठ्या भांड्याने पाण्यासकट उचलून तिला दुसऱ्या टाकीत हलवा. जाळी शक्यतो नको. दोन फुटी टाकी पुरते. त्यात पाणी मोठ्या टाकीतलेच भरावे, आणि स्पंज फिल्टर आधी काही आठवडे मोठ्या टाकीत चालवलेला असावा, कारण नव्या कोऱ्या स्पंजात अमोनिया पचवणारे जिवाणू नसतात.

पिल्ले सोडल्यावर चिलापीची मादी धोका दिसताच त्यांना पुन्हा तोंडात घेते. येलो लॅबकडून तशी फार अपेक्षा ठेवू नका. पिल्ले बाहेर आली की तिला दुसरीकडे ठेवून काही दिवस थोडे थोडे, पण वारंवार खायला द्या आणि अंगावर मांस धरल्यावरच परत सोडा. उपाशी, अशक्त मादी थेट नराच्या पुढ्यात गेली तर ती मार खाते.

प्रश्न : आमच्या विहिरीचे पाणी फार ‘गोडे’ आहे. मादी दोनदा अंडी धरून बसली आणि दोन्ही वेळा वाया गेली. पाण्यामुळे असे होते का? (खानापूर तालुका)

उत्तर : एकमेव कारण म्हणता येणार नाही, पण शक्यता मोठी आहे. खानापूरकडे जांभ्या दगडाचा, भरपूर पावसाचा मुलूख असल्याने पाण्यात चुना कमी असतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी असू शकते. मलावी सरोवराचे पाणी अल्कधर्मी आहे. त्याचा सामू (पीएच) साधारण ७.८ ते ८.६ या टप्प्यात असतो. अथणी-चिकोडीकडच्या काळ्या जमिनीतील कूपनलिकांचे पाणी बहुधा कठीण असते, त्यामुळे त्या भागात पाण्याची फारशी मशागत करावी लागत नाही.

उपाय स्वस्त आहे. शहाबादी फरशीचे तुकडे बांधकामावर सहज मिळतात आणि तो चुनखडीचाच दगड आहे. तुकड्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. बारीक बुडबुडे उठले तर तो कामाचा. सिमेंट लागलेले किंवा पॉलिश केलेले तुकडे घेऊ नका. स्वच्छ घासून फिल्टरमध्ये किंवा तळाशी ठेवले की ते हळूहळू विरघळतात. लवकर परिणाम हवा असेल तर खाण्याचा सोडा वापरतात : पन्नास लिटरला एक चमचा, म्हणजे सुमारे सहा ग्रॅम, घातल्यास कार्बोनेट कठीणपणा (पाण्याचा सामू टिकवून धरणारा घटक) साधारण चार अंशांनी वाढतो. मात्र ही मात्रा काही दिवसांत विभागून, आणि पाणी अर्धवट बदलून झाल्यावरच द्या. आम्लधर्मी पाण्यात अमोनिया बहुतांशी अमोनियम या सौम्य रूपात असतो. अस्वच्छ टाकीचा सामू एकदम वर नेला तर तोच विषारी रूप घेतो आणि सकाळी मासे पृष्ठभागाशी धापा टाकताना दिसतात. मादीच्या तोंडात अंडी असताना तर असे प्रयोग अजिबात नकोत.

प्रश्न : पिल्लांना काय घालावे, आणि वळिवाच्या दिवसांत वीज गेली तर काय करावे? (चिकोडी)

उत्तर : साधारण एक सेंटिमीटरची ही पिल्ले पहिल्याच दिवसापासून खातात. आर्टेमियाची अंडी लिटरभर पाण्यात पंचवीस-तीस ग्रॅम मीठ घालून, २७-२८ अंश तापमानात हवा सोडत ठेवली की साधारण एका दिवसात फुटतात. बाहेर आलेले बारीक जीव गाळून, गोड्या पाण्याने धुऊन घाला. बाकी वेळी बोटाने चुरलेले फ्लेक्स (माशांचे पापुद्र्यांसारखे कोरडे खाद्य). दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी चिमूटभर. उरलेले अन्न तासाभरात काढा.

वीज गेल्यावर आधी खाणे थांबवा. बॅटरीवरचा हवेचा पंप असेल तर उत्तम, नसेल तर दर थोड्या वेळाने तांब्याभर पाणी उंचावरून टाकीत ओता. डिसेंबर-जानेवारीत हीटर बंद पडल्यास टाकीला घोंगडी गुंडाळा.

प्रश्न : पिल्ले फार झाली. विहिरीत किंवा हिडकल धरणाच्या पाण्यात सोडली तर चालतील का? (हुक्केरी)

उत्तर : नाही. चिलापी १९५२ मध्ये भारतात आणली गेली आणि आज ती कुठे कुठे पोहोचली आहे, हे बाजारात जाऊन पाहा. दुकानदाराला किंवा दुसऱ्या छंदिष्टाला द्या, मात्र टाकीत अनेक जाती एकत्र असतील तर संकर झालेली पिल्ले शुद्ध जातीची म्हणून खपवू नका. कोणीच घेणारे नसेल तर पुढच्या वेळी मादीला वेगळे करूच नका. मोठ्या टाकीत दगडांच्या फटींत जी दोन-चार वाचतील, तेवढीच वाढू द्या.