गॅस प्लांट सुरू होण्याआधी कामगारांना दाखवायचा सेफ्टी इंडक्शन व्हिडिओ कसा असावा?

तुम्ही विचारलंय की तीन महिन्यांत तुमचा गॅस प्लांट सुरू होतोय, तर इंडक्शनचा (नव्या माणसाला आत सोडण्याआधी दिल्या जाणाऱ्या सुरक्षेच्या माहितीचा) व्हिडिओ किती मिनिटांचा करावा आणि तो एजन्सीला द्यावा की आपणच करावा. मिनिटांचं उत्तर सोपं आहे: बारा, फार तर पंधरा. त्यापुढे अंधाऱ्या खोलीत बसलेला माणूस झोपतो. एजन्सीचं उत्तर लांब आहे, कारण याच विषयावरून माझं एका कमिशनिंग मॅनेजरशी, म्हणजे प्लांट चालू करून देणाऱ्या साहेबांशी, जे वाजलं ते अजून डोक्यातून जात नाही.

कोकण किनाऱ्यावरच्या एका प्लांटवर मी सेफ्टीत होतो. बांधकाम संपत आलेलं. व्हिडिओ मुंबईच्या एजन्सीकडून करून घेतला होता. आधी ड्रोनमधून दिसणारा प्लांट, मग मोठ्या साहेबांचं मनोगत, मग सुरक्षा धोरण, मग हेल्मेट-बूट-गॉगल. आवाज इंग्रजी, खाली हिंदी अक्षरं. साइटवर त्या वेळी सगळ्यात जास्त माणसं होती इन्सुलेशनची, पेंटिंगची आणि स्कॅफोल्डिंगची (परांची बांधणारी); ओडिशा, झारखंड, बलियाकडची. त्यातल्या बऱ्याच जणांना ती अक्षरं वाचता येत नव्हती. मी लेखी कळवलं की यात नायट्रोजनवर एक शब्द नाही, आणि गॅसच्या आधी आपल्या लाइनींमध्ये नायट्रोजनच येणार आहे. त्या मॅनेजरचं उत्तर आलं, ‘तो प्रोसेसवाल्यांचा विषय आहे. लेबरला उगाच घाबरवू नका.’

मे महिन्यात पर्जिंग सुरू झालं. हवेत मिथेन (नैसर्गिक वायूतला मुख्य गॅस) साधारण ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीची वाट बघत बसतो, म्हणून आधी नायट्रोजनने आतली हवा हाकलायची, हे तुम्हाला माहीत असणारच. इन्सुलेशनच्या हेल्परला ते कोण सांगणार? एका व्हेसलचं (मोठ्या बंद टाकीचं) मॅनहोल उघडं होतं, टेप लावलेली, बोर्ड इंग्रजीत. बाहेर अंगाची लाही होत होती आणि मॅनहोलमधून गार वारा येत होता. दुपारच्या सुट्टीत एक पोरगा टेपखालून गेला आणि त्या वाऱ्यात तोंड घालून बसला. गेले कित्येक महिने ती माणसं त्याच सावलीत डबा खात होती, त्यामुळे त्याला त्यात वावगं काही वाटलं नाही. तो आडवा झाला. त्याला ओढायला जोडीदार धावला, तोही गुडघ्यावर आला. आमचा एक फायरमन बीए सेट (पाठीवरच्या सिलिंडरमधून श्वास घेण्याचा मास्क) लावून तयारच होता म्हणून दोघं वाचले.

नायट्रोजनला वास नाही आणि त्यात जीव घुसमटत नाही. गुदमरल्यासारखं वाटतं ते शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे, ऑक्सिजन कमी पडल्यामुळे नव्हे. निव्वळ नायट्रोजनचे एक-दोन श्वास घेतले की माणूस काही कळायच्या आत पडतो. हे समजायला पदवी लागत नाही. त्या पोराला त्याच्या भाषेत कोणी अर्धं मिनिट सांगितलं असतं तर तो तिथे बसलाच नसता.

त्याच आठवड्यात मी मोबाइलवर दुसरा व्हिडिओ केला. बलियाचा एक रिगर (जड सामान उचलणाऱ्यांचा) फोरमन होता, सगळी पोरं त्याचं ऐकायची. त्याला त्या मॅनहोलसमोर उभं केलं आणि त्याच्या बोलीत बोलू दिलं. मॅनेजरसाहेब म्हणाले, ‘हे कंपनीच्या दर्जाला शोभत नाही. ऑडिटला काय दाखवायचं?’ माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: इंडक्शन ऑडिटरसाठी नसतं. गेटमधून आत जाणाऱ्यासाठी असतं.

आणि स्टार्ट-अपच्या आधीचा व्हिडिओ बांधकामाच्या व्हिडिओपेक्षा पूर्ण वेगळा हवा. बांधकामात माणूस उंचावरून पडतो, क्रेनखाली सापडतो. गॅस-इननंतर, म्हणजे लाइनींमध्ये गॅस सोडल्यावर, तीच जागा, तीच पाइप, पण ज्या पाइपवर काल बसायचो ती आज भरलेली बंदूक आहे. व्हिडिओचं पहिलं वाक्य हेच असू द्या: अमुक तारखेपासून हा प्लांट जिवंत आहे. अमेरिकेत टेक्सास सिटी रिफायनरीत २३ मार्च २००५ ला आयसोमरायझेशन युनिट (पेट्रोलचा दर्जा वाढवणारा विभाग) सुरू करताना स्फोट झाला. १५ माणसं गेली, १८० जखमी झाली. गेलेले सगळे कॉन्ट्रॅक्टरचे, तात्पुरत्या ट्रेलरमध्ये किंवा त्याच्या आसपास होते. शेजारचं युनिट सुरू होतंय हे त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. उत्तर समुद्रात पायपर अल्फा या तेल-गॅसच्या प्लॅटफॉर्मवर १९८८ मध्ये स्फोट आणि आगीत १६७ माणसं मेली. त्यावर नेमलेल्या लॉर्ड कलन या न्यायाधीशांच्या चौकशीत निघालं की नव्या माणसांना मिळणारं इंडक्शन वरवरचं होतं, लाइफबोट दाखवण्याचं कामही प्रत्येकाच्या बाबतीत झालं नव्हतं. आपल्याकडे भोपाळनंतर १९८७ मध्ये फॅक्टरी कायद्यात कामगाराला धोक्याची माहिती देणं मालकावर बंधनकारक केलं. इंग्रजी बोर्डाला मी माहिती देणं मानत नाही.

तेव्हा एजन्सीला फक्त कॅमेरा आणि एडिटिंग द्या, मजकूर देऊ नका. सायरन खरे वाजवून रेकॉर्ड करा. गॅस लीकचा कुठला आणि ‘ऑल क्लिअर’चा कुठला, हे कानाने ओळखता आलं पाहिजे. विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) दाखवा आणि वाऱ्याला आडवं पळायचं, हे एका माणसाला प्रत्यक्ष पळवून दाखवा. किनाऱ्यावर असाल तर हे जास्त महत्त्वाचं, कारण दिवसा वारा समुद्राकडून येतो आणि रात्री बऱ्याचदा जमिनीकडून. दिवसाच्या शूटिंगमध्ये सुरक्षित दिसणारा असेंब्ली पॉइंट (सायरननंतर सगळ्यांनी जमायची जागा) रात्रपाळीला गॅसच्या वाटेत येऊ शकतो, म्हणून दिवसाचा आणि रात्रीचा, दोन्ही पॉइंट दाखवा. हॉट वर्कचं (वेल्डिंग, कटिंगसारख्या ठिणगी उडणाऱ्या कामाचं) परमिट आता आपला सुपरवायझर नाही, ऑपरेशनवाले देणार, हे स्पष्ट सांगा. बिडी, काडेपेटी, मोबाइल गेटवर कुठे ठेवायचा ते टोकन देणाऱ्या खिडकीसकट दाखवा. आणि पडलेल्या माणसाला वाचवायला बीए सेटशिवाय धावायचं नाही, हे दोनदा सांगा. माणूस चांगला असतो म्हणूनच धावतो, आणि मग दोघं जातात.

शेवटी सही घेऊन गेटपास देऊ नका. तीन प्रश्न तोंडी विचारा, त्याच्या भाषेत.

एक-दोन गोष्टी राहिल्या. तुमच्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असेल तर वरचं पुरेसं नाही; त्याचा सडक्या अंड्यांचा वास १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास नाकाला येईनासा होतो, तेव्हा ‘वास गेला म्हणजे गॅस गेला’ ही समजूत मोडणारा वेगळा भाग हवा. ऑफशोअरला, म्हणजे समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर, पळायला जागाच नसते, तिथलं शास्त्र निराळं. आणि सगळ्याच एजन्सी वाईट नसतात. लेबर कॅम्पमध्ये एक दिवस राहून मग स्क्रिप्टला हात लावणारी कोणी मिळाली तर तिला जरूर काम द्या. त्याआधी कॉन्ट्रॅक्टरकडून माणसांची गाववार यादी मागवा, म्हणजे किती भाषांत आवाज भरायचा ते कळेल. खर्चाचं विचाराल तर ड्रोनचे पैसे त्या भाषांवर घाला.